दोनशेपैकी दोनशेवी

६ फेब्रुवारी

चि. भाचेसाहेब,

आशीर्वाद. हात इथूनच डोक्यावर ठेवते आहे, पोचला असं समज.

पत्र माझी नात लिहिते आहे, म्हणजे तुझी पुतणी. मी सांगते, ती लिहिते, आणि मध्येमध्ये माझी भाषा सुधारते, त्याला माझा इलाज नाही. मला अक्षरओळख नाही. बाइंडिंगच्या कारखान्यात आयुष्य गेलं. हजारो पुस्तकं शिवली, पाठीला खळ लावली, पुठ्ठे चढवले, पण एकाही पुस्तकात काय आहे ते मला ठाऊक नाही. तुमच्या सभागृहात कायदे शिवणाऱ्यांचंही असंच असतं का रे?

तुझं पत्रक मिळालं. कागद गुळगुळीत आहे, छपाई चाररंगी आहे, पण मधली पिन वाकडी मारली आहे. पुढच्या वेळी माझ्याकडे पाठव. हिनं सगळं वाचून दाखवलं. बाहेरून तुमच्या देशात राहायला येणाऱ्या माणसांचा दर वर्षाला एक आकडा असावा, तो सभासदांनी मतं देऊन ठरवावा, आणि आकडा भरला की दार बंद, असं तुझं म्हणणं. पूर्वी असा आकडा होता, मध्ये कुणीतरी काढून टाकला, तो तू परत आणणार. बरं.

आता माझी अडचण ऐक. ही जी लिहिते आहे, ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तुमच्याकडच्या एका हॉस्पिटलनं तिला नोकरी देऊ केली आहे. अर्ज गेला आहे. आत्ताचा कायदा राहिला तर सहा महिन्यांत ती तिथे. तुझा आकडा आला तर तिच्यापुढे किती डोकी उभी असतील, देव जाणे. म्हणून मावशीच्या नात्यानं विचारते, हा आकडा तुला एवढा का हवा आहे?

आणि आणखी एक. शेवटच्या पानावर एका जुन्या कागदाचा फोटो आहे. वर शिक्का, खाली अंगठा. तिथे लिहिलं आहे म्हणे, ‘माझी आई रांगेतून आली. दोनशेपैकी दोनशेवी.’ फोटो फार बारीक आहे आणि माझे डोळे जुने आहेत. मोठा करून पाठवशील का? तुझ्या आईला सांगू नकोस. उगाच तिला वाटायचं, ताई माझे लाड करते.

मावशी


२२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या पत्राने खूप हसवलं. पिनेचं छापखान्याला कळवलं आहे.

तू सरळ विचारलंस, मीही सरळ सांगतो. माझ्या मतदारसंघात एकेका वर्गात बावन्न मुलं बसतात. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात खाटा टाकल्या आहेत. आलेल्यांचा यात दोष नाही. पण पुढच्या वर्षी किती माणसं येणार हे आधी माहीत असेल, तर तेवढे वर्ग आणि तेवढ्या खाटा तयार ठेवता येतात. आकडा म्हणजे हाकलणं नव्हे, मोजून बोलावणं. आणि आकडा नसला की कोण घुसतं? ज्याची ओळख आहे तो. आकडा आणि रांग असली की गरिबालाही जागा मिळते.

माझी आईच पाहा. लिहितावाचता न येणारी बाई, एकटी, कुणाची ओळख नाही. अर्ज केला, नंबर लागला, आली. चाळीस वर्षं ऑफिसांच्या फरशा पुसल्या. आजही बँकेत, दवाखान्यात अंगठाच लावते. लहानपणी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर तिचा अंगठा बघून मला लाज वाटायची. आता अभिमान वाटतो. तुला येणारी तिची पत्रं शेजारच्या शिक्षिकाबाई लिहून देतात म्हणे. काय सुंदर अक्षर आहे ना त्यांचं!

पुतणीसाठी मला वेगळा नियम करता येणार नाही. केला तर उद्या माझ्यावर कोण विश्वास ठेवेल? ती रांगेत उभी राहील, तिचा नंबर येईल. आईचा आला तसा.

मोठा फोटो सोबत आहे. नाव काळ्या पट्टीने झाकलं आहे. आईनेच हट्ट धरला. साधी बाई आहे, तिला नाव मिरवायला आवडत नाही. १८ एप्रिलला सभागृहाच्या समितीपुढे ती साक्ष देणार आहे. जबाबाखाली सगळ्यांदेखत अंगठा लावेल. वर्तमानपत्रवाले येणार आहेत. कागद पाठवीन तुला.

तुझा भाचा


६ मार्च

चिमे,

आशीर्वादाचं मागाहून बघू.

तुझ्या लेकानं फोटो मोठा करून पाठवला. छापील पानाएवढा. नावावर तू काळी पट्टी मारायला लावलीस. वाचणाऱ्यांपासून लपवलंस. मला वाचताच येत नाही, एवढं मात्र विसरलीस. मी कागदावरचं नाव कधी बघतच नाही गं. मी अंगठा बघते.

मधोमध तिरपी रेघ आणि रेघेच्या खालच्या टोकाला फाटा. पुठ्ठा कापायच्या सुरीनं सोळाव्या वर्षी मी तो कापून घेतला होता. रक्त थांबेना, तेव्हा चिंधी तूच बांधली होतीस. बारीक फोटोतच मी तो ओळखला होता. मोठा एवढ्यासाठी मागवला, की तुझ्यावर खोटा आळ नको.

आठव जरा. आपण दोघींनी अर्ज केले होते. त्या वर्षी दोनशे माणसं घेणार होते. दोन पाकिटं एकाच दिवशी आली. एकात माझाच अंगठ्याचा अर्ज मंजुरीचा शिक्का मारून परत आला होता, हे आता कळतं. तू चौथी शिकलेली, मी अंगठेबहाद्दर. पानं दुमडायच्या टेबलावर पाय हलवत बसून तू वाचलंस, “ताई, तुझं नाही झालं. माझं झालं.” मी तुला मिठी मारली. माझ्या नव्या चपला तुला दिल्या. त्या घालून तू माझ्याच जागेवर चालत गेलीस.

माझ्या हातात तू दिलेलं पाकीट मी चाळीस वर्षं पत्र्याच्या डब्यात ठेवलं. नकार तो काय पुन्हा वाचून घ्यायचा, म्हणून कुणाला दाखवलं नाही. परवा नातीला दाखवलं. ‘यंदाची संख्या पूर्ण झाली आहे.’ आणि वर तुझं नाव. तुझ्या पत्रांवर पाठवणाऱ्याच्या जागी कधी नाव नसायचं, नुसता घरनंबर, आणि माझ्या नावाऐवजी कारखान्याचं नाव. मी म्हणायची, तिकडे तशीच पद्धत असेल.

गंमत कशाची वाटली सांगू? तुझं अक्षर म्हणजे कारखान्यात कौतुकाचा विषय. मालकसुद्धा नावं घालायला तुला बोलवायचे. आणि तू चोरलास तो कागद कुणाचा, तर अडाणी बाईचा! चाळीस वर्षं लिहितावाचता येणारी तू अंगठा लावत हिंडलीस. फरशा पुसल्यास, कारण टेबलावर बसायचं तर सही करावी लागली असती. हे ऐकलं तेव्हा मी इतकी हसले, की खळीचं भांडं सांडलं.

मग हसू आवरलं. माझ्या अर्जावर एक बाई आणि एक मूल होतं. मुलगा सहा वर्षांचा होता. तेव्हा त्याचे कान नुसते वाहत होते. तिथे शाळेतच डॉक्टर कान तपासतात असं तूच मला वाचून दाखवलं होतंस. इथे दहाव्या वर्षापर्यंत दोन्ही गेले. त्याला आता ढगांचा गडगडाटही ऐकू येत नाही.

तेव्हा एकच विचारते. बाकीचं मला कळलं आहे. तिथे उतरल्यावर कागद तपासतात त्या खिडकीवर मुलाचं काय सांगितलंस?

ताई


२१ मार्च

ताई,

तीन वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं. हे चौथं.

पाकिटं उघडली तेव्हा मी आधी मनात वाचलं. मग तुझ्याकडे बघितलं. तू हसत होतीस. मला वाटलं, हिला कधी कळणारच नाही. त्याहून मोठा विचार काहीच नव्हता. शब्द तोंडातून गेले आणि मग मागे घेता येईनात.

निघायच्या आठवडाभर आधी मी सुरीनं माझा अंगठा तुझ्यासारखा कापून घेतला. तुला म्हटलं, हात घसरला. प्रवासात तो पिकला, ताप भरला. आणि खिडकीतल्या माणसानं अंगठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मुलाचं विचारलंस. तो माणूस कागद बघून म्हणाला, मूल कुठे आहे? मी म्हटलं, वारलं. तो म्हणाला, वाईट झालं. आणि त्यानं एक रेघ मारली.

मला चोर म्हण. पण दोनशेच्या जागी त्यांनी दोनशे एक माणसं घेतली असती, तर मी चोर झाले नसते. मुलगा आकड्याचे गोडवे गातो तेव्हा मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो. हे बाहेर आलं तर मला परत पाठवतील. मुलाची खुर्ची जाईल. त्याला काहीच माहीत नाही गं. मी तुझी माफी मागते.

आता पुढचं, हे पत्र जी वाचते आहे तिच्यासाठी. बाळ, इथून पुढे मोठ्यानं वाचू नकोस. धाकटी रडली, माफी मागितली, पत्र संपलं, एवढंच आजीला सांग. डब्यातलं ते जुनं पत्र जाळून टाक आणि त्याच्या जागी कुठलाही पिवळा कागद ठेव. तिला फरक कळणार नाही. मी तुला इथे बोलावून घेते. कागदावर मी म्हणजे तुझी सख्खी आजी. आजीनं बोलावलेल्या नातीला नव्या कायद्यातही आकडा लागणार नाही, मी मुलाकडून खात्री करून घेतली आहे. तू शिकलेली आहेस. तुला कळतं. अशी संधी पुन्हा येत नाही.

तुझी धाकटी आजी


२ एप्रिल

चिमे,

तुझं पत्र वाचता वाचता ती एका जागी थांबली. उठली, पाणी प्यायली. मी म्हटलं, “संपलं का गं?”

“नाही आजी. इथून पुढे माझ्यासाठी आहे.”

आणि सगळं वाचलं. ‘मोठ्यानं वाचू नकोस’ हेसुद्धा मोठ्यानंच वाचलं. मग म्हणाली, “आजी, त्या कागदावर बाबा सहाव्या वर्षी वारले. मग मी कुणाची मुलगी म्हणून जायचं?” चोरी करतानासुद्धा माणसानं हिशेब नीट ठेवावा, चिमे. माझं पोर तू मारून टाकलंस आणि आता त्याच्या लेकीला नात म्हणून बोलावतेस.

मी तिला विचारलं, “तुला मोह नाही झाला?” म्हणाली, “पाणी कशाला प्यायला उठले होते?” हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. मी लिहायला लावलं.

माझा मुलगा समोरच बसला होता, पुठ्ठ्यावर कापड चढवत. त्याच्यादेखत आम्ही वाचलं, की तो वारला. त्याला ऐकू येत नाही याची त्या दिवशी मला पहिल्यांदाच सोय वाटली. मान वर करून त्यानं खुणेनं विचारलं, मावशी काय म्हणते? मी खुणेनं सांगितलं, मजेत आहे.

दोनशे एक असते तर, म्हणतेस. मग दोनशे दोनवी रडली असती. आकडा असावा की नसावा हे मला ठरवता येत नाही. बसमध्येही जागा मोजूनच असतात. पण दुसरीच्या तिकिटावर चढून आतून दार लावायला मदत करायची, आणि वर आपल्या पोराला त्या दाराशी उभं करायचं, हे मला बघवत नाही. पहिल्यांदा फसवलंस तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस, म्हणून कदाचित सोडलं असतं. आता साठीला टेकलीस आणि त्याच बाईला, त्याच रीतीनं, पुन्हा फसवायला निघालीस.

माफी नको. मला एकच गोष्ट हवी.

१८ तारखेला जबाब झाला की तुझ्यापुढे शाईची गादी ठेवतील. ती बाजूला सारायची आणि पेन मागायचं. सगळ्यांदेखत तुझं स्वतःचं नाव लिहायचं, तुझ्या त्या अक्षरात. मग लोक विचारतील त्याची उत्तरं द्यायची.

नाही केलंस तर तुझ्या मुलासाठी एक पाकीट तयार आहे. आत तुझ्या नकाराचं पत्र आहे आणि कोऱ्या कागदावर माझा ताजा अंगठा आहे. फोटोशेजारी ठेवला की कुणालाही कळेल. पाकीट चिकटवलेलं नाही, बाइंडिंगच्या दोऱ्यानं शिवलं आहे. उसवल्याशिवाय उघडायचं नाही. १९ तारखेला ते टपालात पडेल. गवगवा झाला तर नातीचा अर्ज बुडेल, हे तिला ठाऊक आहे. “बुडू दे,” म्हणाली. तिनं ते ज्या तऱ्हेनं म्हटलं, ते मी विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही.

ताई


२६ एप्रिल

मावशी,

तुला कळायला हवं म्हणून लिहितो आहे.

आईची साक्ष छान झाली. अध्यक्षांनी शाईची गादी पुढे सरकवली. तिने ती दोन बोटांनी बाजूला केली आणि म्हणाली, “पेन द्या.” मला वाटलं, गोंधळली. मी हसून म्हणालो, “आई, अंगठा.” ती म्हणाली, “तू जरा गप बस रे.” सगळे हसले. फोटोवाले पुढे आले.

मग तिने लिहिलं. सावकाश, कुठेही न अडता. ते अक्षर मी ओळखलं. शेजारच्या शिक्षिकाबाईंचं म्हणून लहानपणापासून पाहत आलो होतो. नाव मात्र पहिल्यांदाच पाहिलं. ते कुणाचं, असं अध्यक्षांनी विचारलं. तेव्हा तिने सगळं सांगितलं. चपलांपासून. खिडकीवरच्या त्या एका रेघेपर्यंत. हसणारे कधी थांबले ते मला आठवत नाही.

घरी आल्यावर तुझं २ एप्रिलचं पत्र तिने माझ्यापुढे ठेवलं. मावशी, तू मला आधी कळवू शकली असतीस. घरातल्या घरात. तू सभागृह निवडलंस. तुझा राग मला कळतो. तो तू ज्या सफाईने शिवलास, ते मला बघवलं नाही.

सगळे म्हणाले, आता तरी आकड्याची बाजू सोड. नाही सोडली. मी बाजूनेच मत दिलं आणि कायदा सहा मतांनी झाला. कारण रांगेने तुलाच बोलावलं होतं, मावशी. रांग बरोबर होती. चोरी माझ्या आईने केली. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. जी जागा मला रांगेने दिली असं मी जिथे तिथे सांगत होतो, ती तुझ्या मुलाची होती.

आईला परत पाठवण्याचा हुकूम आला आहे. १४ जूनच्या विमानाने ती येईल. पुतणीचा अर्ज नव्या आकड्यात गेला. आजच्या वेगाने तिचा नंबर अकरा वर्षांनी लागेल. हे मी रागाने लिहितो आहे. लपवत नाही.

भाचा


९ मे

चिमे,

तुझ्या मुलाचं पत्र पोचलं. रांग बरोबर होती हे त्याचं म्हणणं मला पटलं, असं त्याला सांग. जिला अकरा वर्षं थांबायचं आहे तिला ते पटलेलं नाही. ती त्याला वेगळं लिहिणार आहे, आणि ती माझ्यासारखी सौम्य नाही. राजीनामा दिला ते बरं केलं म्हणावं. ते मी मागितलं नव्हतं, म्हणून त्याची किंमत मला जास्त वाटली.

सूड गोड लागला का? लागला. खोटं कशाला बोलू? तू पेन मागितलंस ते नातीकडून चार वेळा वाचून घेतलं. ‘तू जरा गप बस रे’ हे तर मला पाठ झालं आहे. दोन दिवस मी कारखान्यात गुणगुणत होते. मग अकरा वर्षांचं वाचलं तेव्हा गुणगुणणं थांबलं. नात म्हणाली, “आजी, तोंड पाडू नकोस, खळ करपते आहे.” तेवढ्यावर तो विषय तिनं मिटवला. माझ्यापुरता तो मिटलेला नाही.

आता येतेच आहेस तर ऐक. खिडकीजवळचं तुझं स्टूल अजून आहे, पाय तेवढा बदलून घेतला. पानं दुमडायला माणूस हवंच आहे. इथे हजेरीला सही चालते. तुझी तू तुझ्या नावानं कर, माझं मला परत दे. डब्यातलं पत्र तुझं तुला मिळेल. पाकीट मी उसवून ठेवलं आहे. चपलांचं काय करायचं ते आल्यावर भांडू.

१४ जूनला मी विमानतळावर येणार नाही. मुलाला पाठवते. उंच आहे, टक्कल पडलं आहे, सदऱ्याच्या खिशाला कायम खळीचा डाग असतो. त्याला आम्ही अजून काहीच सांगितलेलं नाही. नात म्हणाली, “मी सांगू का बाबांना?” मी म्हटलं, नाही. त्या खिडकीवर ज्या बाईनं त्याला मारलं, तिनंच सांगायचं.

तो तुझी पिशवी उचलेल, हसेल, आणि प्रवास कसा झाला ते खुणेनं विचारेल. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून पानं मोजायचा, ते त्याला आठवतं. खुणा तुला येत नाहीत. तोंडानं बोलशील तर त्याला ऐकू येणार नाही. पण वाचता येतं त्याला, चांगलं येतं. खिशात वही आणि पेन असतं.

तेव्हा लिहूनच सांग. अक्षर तुझं सुंदर आहे.

ताई